जुने ब्रेंबो विकायचे असतील तर

गेल्या महिन्यात माझे ब्रेंबो, म्हणजे त्या नावाच्या इटालियन कंपनीचे ब्रेक, विकले गेले. २००६ च्या सुबारू एसटीआय गाडीचे मूळ कॅलिपर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड दाबणारे भाग), सोनेरी रंगाचे. पुढचे चार पिस्टनचे, मागचे दोन पिस्टनचे. विकायला काढल्यापासून डेट्रॉइटच्या आसपासच्या सुबारूवाल्यांनी इतके प्रश्न विचारले की उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं वाटलं. मराठीत अशासाठी, की नोव्हाय, ट्रॉय, कँटन या भागात गाड्यांचं वेड असलेली आपली बरीच मुलं आहेत. पुण्याहूनही अधूनमधून कुणी विचारतं, जुने परफॉर्मन्स ब्रेक घ्यावेत का म्हणून.

माझं मत पक्कं आहे. जुनी सीट किंवा स्पॉइलर विकताना कुणी थोडं झाकलं, तर समोरच्याचे पैसे जातात, चिडचिड होते, विषय संपतो. ब्रेकचं तसं नाही. घेणारा ते घरी नेऊन स्वतःच्या हातांनी बसवतो आणि पुढच्या शनिवारी बायकापोरांना मागे बसवून आय-९६ हायवेवर ताशी सत्तर मैलांनी निघतो. तेव्हा कॅलिपरबद्दल मला जे जे ठाऊक आहे ते पैसे मोजण्याआधी त्यालाही ठाऊक असायला हवं. यात सूट नाही.

आधी, विकले का ते सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो आणि यायलाच हवा. साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर भर उन्हाळ्यात लागोपाठ फेऱ्या मारायला लागलो, टायरही जास्त पकडीचे घातले. दीड टनाची गाडी पुन्हा पुन्हा शंभर मैलांवरून खाली आणायची म्हटल्यावर ३२६ मिलिमीटरच्या डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळेना. पॅड एका टोकाला जास्त झिजू लागले, ब्रेक ऑइल लवकर काळं पडू लागलं. म्हणून मोठी डिस्क आणि सहा पिस्टनचं किट घातलं. मूळच्या ब्रेंबोत काही खोट नव्हती. रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि कधीतरी ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला तो सेट पुरून उरतो, आणि सुबारूचीच साधी डब्ल्यूआरएक्स चालवणाऱ्याला तर पहिल्याच सिग्नलला फरक कळतो. असा माल गॅरेजच्या फळीवर पडून राहावा हे काही मनाला पटेना.

आता मुख्य गोष्ट: मीठ. मिशिगनचा हिवाळा कॅलिपरची काय अवस्था करतो हे आपल्याकडच्या माणसाला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पटत नाही. बर्फ वितळावा म्हणून नोव्हेंबरपासून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते खारं पाणी चाकांच्या आत उडत राहतं. कॅलिपरचं अंग ॲल्युमिनियमचं, ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू, म्हणजे ब्लीडर, पोलादी. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरणारच. ब्लीडर आत असा काही रुततो की पाना लावून जोर केला तर त्याची मान मोडून हातात येते. मोडका ब्लीडर काढायला ड्रिल मारावं लागतं, आटे गेले तर कॅलिपर गेला. म्हणून जुने कॅलिपर बघायला गेलात की रंग बघू नका. आधी पाना मागा आणि प्रत्येक ब्लीडर आपल्यासमोर सैल करून, परत आवळून दाखवायला सांगा. पुढच्या कॅलिपरला ते दोन-दोन असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. जो विकणारा यावर कां-कू करतो त्याच्याकडून घेऊ नये.

दुसरी जागा त्याहून लपलेली. पॅड ज्या पातळ पोलादी पट्ट्यांवर पुढेमागे सरकतात त्या ॲल्युमिनियमवर स्क्रूने बसवलेल्या असतात. पट्टीखाली मीठ गेलं की तिथलं ॲल्युमिनियम फुगतं, पट्टी वर उचलली जाते आणि पॅडची जागा आवळते. मग ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो, गाडी एका बाजूला ओढते, चाक तापतं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. मी या सगळ्या पट्ट्या काढल्या, खालची पांढरी भुकटी तारेच्या ब्रशने खरवडून घालवली, नवे स्क्रू लावून परत बसवल्या. एक स्क्रू गरम केल्याशिवाय निघाला नाही. तो कोणत्या कॅलिपरचा, हेही लिहून ठेवलं.

कॅलिपर उघडून विकावेत की बंद, यावर मित्रांमध्ये वाद आहे. काही म्हणतात, चालू स्थितीत उतरवलेत, हात कशाला लावायचा. मी उघडायच्या बाजूचा आहे. उघडायचे म्हणजे पिस्टन काढायचे. कॅलिपरचे दोन अर्धे भाग जोडणारे बोल्ट मात्र सोडायचे नाहीत, ते काम कारखान्याचं. समोरासमोरच्या पिस्टनांमध्ये प्लायवूडची पट्टी धरायची आणि ऑइलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा अगदी थोडी थोडी सोडायची. पिस्टन सुटला की प्लायवर खाडकन आदळतो. तिथे बोट असेल तर बोट गेलंच.

पिस्टन निघाला की आतल्या खाचेत चौकोनी काटछेदाचं रबरी सील दिसतं. मला या एवढ्याशा वस्तूबद्दल फार आदर आहे. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि त्याला धरून बसलेलं सील जरासं वाकतं. पाय काढला की सील मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घेणारी वेगळी स्प्रिंग नसते, ते काम सगळं या रबराचं. वर्षानुवर्षं तापून सील कडक झालं की पिस्टन मागे येत नाही, नाहीतर ऑइल पाझरतं. म्हणून विकण्याआधी मी सगळी सीलं आणि धुळीची रबरं नवी घातली. बसवताना ताजं ब्रेक ऑइलच लावलं. साधं ग्रीस लावलं तर हे रबर फुगतं, हे घेणाऱ्यालाही आवर्जून सांगितलं, कारण घरात हाताशी असलेला ग्रीसचा डबा उचलायचा मोह सगळ्यांना होतो.

मागच्या डाव्या कॅलिपरच्या एका पिस्टनवर, बाहेरच्या कडेजवळ, टाचणीच्या टोकाएवढे तीन-चार गंजाचे खड्डे सापडले. सील जिथे बसतं त्या पट्ट्याच्या बाहेर होते, म्हणजे त्या क्षणी गळती नव्हती. पण पॅड नवे घातले की पिस्टन आत जातो, आणि तेव्हा हाच खरबरीत भाग सीलवरून घासत जाणार. पिस्टन बदलला. जुना पिस्टन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मालासोबतच ठेवला, येणाऱ्याला हातात घेऊन बघता यावा म्हणून. तो बघून एकानेही काढता पाय घेतला नाही. उलट, त्यानंतरचं बोलणं मोकळं झालं.

ट्रॅकवर वापरलेत हे लपवण्यात अर्थ नसतो, कॅलिपर स्वतःच सांगतात. सोनेरी रंग डिस्कच्या बाजूला सांडलेल्या चहाच्या डागासारखा तपकिरी झाला होता. अनेक जण अशा वेळी लाल किंवा काळा रंग मारून टाकतात. माझ्या दृष्टीने तो डाग हा मालाचा इतिहास आहे आणि घेणाऱ्याला तो वाचायचा हक्क आहे. मी कॅलिपरवर तापमान नोंदवणाऱ्या पट्ट्या चिकटवत असे. ठरावीक तापमान ओलांडलं की पट्टीवरचा त्या आकड्याचा चौकोन कायमचा काळा पडतो. माझ्याकडे काळा पडलेला सगळ्यात वरचा आकडा २०४ अंश सेल्सिअसचा होता. आता हिशेब करा. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग हीच हमी १५५ अंशांवर येते. म्हणजे माझ्या गाडीत दोन वर्षांचं साधं ऑइल असतं तर वळणाच्या तोंडाशी त्याची वाफ होऊन पेडल तळाला गेलं असतं. मी मोटूलचं आरबीएफ ६०० वापरत होतो, ते नवं असताना ३१२ अंशांना उकळतं, आणि हंगामात ते वरचेवर बदलत होतो. बदलल्याच्या तारखा वहीत होत्या, वही दाखवली.

काय विकू नये हेही ठरलेलं असावं. वापरलेले पॅड मी देत नाही; दुसऱ्याच्या डिस्कवर रुळलेला पॅड नव्या डिस्कवर नीट बसत नाही. जुने होज पाइप देत नाही, रबर आतून सुटलं तरी बाहेरून कळत नाही. तांब्याचे वायसर एकदा आवळले की दबतात, ते नवेच घ्यायचे. पॅडच्या बाबतीत या सेटला एक मोठा फायदा आहे: पुढच्या पॅडचा आकार डी१००१ आणि मागच्याचा डी९६१, आणि हेच आकार मित्सुबिशी इव्होच्या आणि निसान ३५०झेडच्या ब्रेंबोलाही चालतात. त्यामुळे रस्त्यासाठी, ट्रॅकसाठी, दोन्हींच्या मधले, हवे तसे पॅड मिळतात आणि पुढेही मिळत राहतील.

किंमत सातशे डॉलर ठेवली होती, चारही मिळून. कुणी पाचशे म्हणालं, कुणी म्हणालं एवढ्यात दोन सेट मिळतात. मिळतातही, न उघडलेले. घासाघीस करणाऱ्याचा राग येऊ देऊ नये, तोही आपल्यासारखाच, पैसे साठवून गाडीला एकेक वस्तू घालणारा. पण सीलं, पिस्टन, स्क्रू यांची पावती समोर ठेवली की आकडा आपोआप समजतो. आणखी एक: किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवतो, वरचे पैसे परत करा, असं कुणी म्हणालं की तिथेच बोलणं थांबवायचं. तो चेक पुढे बँकेत खोटा निघतो. बाहेरगावी पाठवायचे असतील तर टपालखात्याचा ठरावीक दराचा खोका सोयीचा, सत्तर पौंडांपर्यंत वजन चालतं. मात्र आतलं ऑइल पूर्ण निथळून, भोकांना रबरी बुचं लावूनच.

‘खरे आहेत का?’ हा प्रश्नही बऱ्याच जणांनी विचारला. विचारणं रास्त आहे. नावाचा दबदबाच तेवढा आहे. इटलीत बेर्गामोजवळ १९६१ साली सुरू झालेली ही कंपनी १९७५ मध्ये फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीपर्यंत पोचली, आणि आज तिचं नाव छापलेली प्लॅस्टिकची लाल झाकणं साध्या कॅलिपरवर चिकटवून लोक फिरतात. पुण्यात तर हे फार बघितलंय, आणि वाईट याचं वाटतं की खऱ्या ब्रेंबोचा कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर, चाकणला आहे. माझ्या भाच्याच्या केटीएम ड्यूकला बायब्रेचे ब्रेक आहेत; बायब्रे म्हणजे ब्रेंबोचाच लहान आणि मध्यम मोटरसायकलींसाठीचा ब्रँड. असो. माझे कॅलिपर माझ्याच गाडीवरून उतरवलेले होते, गाडीच्या चासी नंबरसकट आणि उतरवतानाच्या फोटोंसकट. जुन्या मालाला यापेक्षा चांगला पुरावा नसतो. आपल्याकडे सुट्या भागांसाठी कापलेल्या परदेशी गाड्यांचे कॅलिपर घेणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की डावा आणि उजवा एकाच गाडीचे आहेत.

आता ज्याने घेतले त्याच्याबद्दल. मूळचा नाशिकचा मुलगा, ईस्ट लान्सिंगला एमएस करतो, २००४ ची डब्ल्यूआरएक्स आहे. आल्या आल्या म्हणाला, “दादा, पुढचेच दोन द्याल का? मागचे पुढच्या वर्षी बघतो.”

“नाही रे, सुटे नाही देणार,” मी म्हटलं. “पुढे एवढे मोठे घातलेस आणि मागे तुझे तेच छोटे राहिले, तर पुढची चाकं आधी लॉक व्हायला बघणार. मागचे टायर काम करायला तयार असतात, पण त्यांना कामच मिळत नाही. पैसे घालून गाडी थांबायला जास्त अंतर घेईल, चालेल का?”

त्याला ते पटलं, पण चेहरा पडला. विद्यार्थी माणूस. मग आम्ही बाकीचं बघायला घेतलं. पुढचे कॅलिपर त्याच्या गाडीला सरळ बसतात, डिस्कमागचा पत्रा थोडा वाकवावा लागतो. पण माझी गाडी २००६ ची, तिच्या चाकाचे पाच स्टड, म्हणजे नट लागणारे खुंट, ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर, त्याचे १०० च्या. त्यामुळे माझ्या डिस्क त्याला निरुपयोगी. २००४ च्या एसटीआयला मात्र १०० चंच वर्तुळ होतं, त्या वर्षाच्या डिस्क त्याला पुढे चालणार. मागे आणखी एक मेख: हँडब्रेकचा ड्रम डिस्कच्या आतच असतो, एसटीआयचा १९० मिलिमीटरचा आणि त्याच्या गाडीचा १७०. एसटीआयची डिस्क तशीच घातली तर ब्रेक उत्तम लागतील, पण हँडब्रेक काहीच धरणार नाही. १७० च्या ड्रमच्या, ३१६ मिलिमीटर व्यासाच्या डिस्क वेगळ्या मागवाव्या लागतात.

शेवटी चाक. मी कॅलिपरच्या बाहेरच्या आकाराचा पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला होता. त्याच्या गाडीचं पुढचं चाक उतरवलं, ड्राइव्हवेवर उपडं ठेवलं, आणि साचा आतून फिरवला. रिमला जागा होती, पण प्रत्येक स्पोकला पुठ्ठा टेकत होता. चाकं सतरा इंची होती, तरीही. सतरा इंच म्हटलं की बसणार असं लोक धरून चालतात. अडतो तो स्पोक, रिम नाही. तो म्हणाला, “स्पेसर टाकले तर?” स्पेसर म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती. टाकता येतात, पण स्टड तेवढे लांब हवेत, नाहीतर नट दोन-तीन आट्यांवर लटकतो. मी त्याला सांगितलं, आज पैसे देऊ नकोस. २००४ च्या एसटीआयची बीबीएसची चाकं शोध, सतरा इंची, वर्तुळ तुझंच, आणि ती या कॅलिपरसाठीच केलेली आहेत. तोवर माझ्याकडे ठेवतो. दरम्यान एकाने पूर्ण रक्कम देऊ केली, त्याला नाही म्हटलं. शब्द दिला होता.

चाकं त्याला ग्रँड रॅपिड्सला मिळाली. येऊन कॅलिपर घेऊन गेला. मी प्रत्येकावर चिकटपट्टी लावून डावा, उजवा, पुढचा, मागचा असं लिहून दिलं होतं.

मग एका रविवारी दुपारी फोन. “दादा, हवा काढून काढून दमलो. दोन बाटल्या ऑइल संपलं, तरी पेडल मऊच आहे. सील गळतंय का?”

“कुठे ओलं दिसतंय?”

“नाही, सगळं कोरडं आहे.”

“बरं, चाकासमोर उकिडवा बस. ब्लीडरची टोकं कुठे आहेत, वर की खाली?”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, “खाली.”

त्याने हौसेने कॅलिपर रंगवले होते आणि रंगवताना माझ्या चिकटपट्ट्या निघून गेल्या होत्या. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. बोल्ट तसेही बरोबर लागतात, म्हणून शंका येत नाही. पण हवा वर जाते आणि ब्लीडर खाली, मग ती निघणार कुठून? शिवाय या कॅलिपरचे पिस्टन एका मापाचे नसतात. डिस्क ज्या टोकाने आत शिरते तिथला लहान, जिथून बाहेर पडते तिथला मोठा, पॅड सारखा झिजावा म्हणून. उलट बसवले की तेही उलटं. मी त्याला फोनवरच सांगत राहिलो: बाजू बदल, वायसर परत नवे घाल, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही ब्लीडरमधून हवा काढ, आणि पेडल घट्ट झाल्याशिवाय गाडी ड्राइव्हवेच्या बाहेर नेऊ नकोस. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, पेडल दगडासारखं झालंय. दुसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर पॅड रुळवायला सांगितले: साठ मैलांवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा, आणि शेवटी ब्रेकला पाय न लावता दहा मिनिटं गाडी चालवत ठेवायची, सगळं थंड होईपर्यंत.

आता मी कुणालाही कॅलिपर देताना मागच्या बाजूला, रंगाखालीही वाचता येईल असं, खिळ्याने एल आणि आर कोरून देतो.

माझ्या पुढच्या दोन डिस्क अजून गॅरेजमध्ये आहेत. दोघा-तिघांनी मागितल्या. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो, आणि मायक्रोमीटर लावला तेव्हा दोन्ही त्याच्या अगदी जवळ आल्या होत्या. त्या विकायच्या नाहीत, भंगारात जातील.